खुर्ची सोडणं आणि खुर्चीत बसून सोडणं

2009 पासून अड्याळच्या नावाचा आमदार नाही. त्याआधी होता. 2004 च्या निवडणुकीपर्यंत भंडारा जिल्ह्यात तुमसर, भंडारा, अड्याळ, साकोली आणि लाखांदूर असे पाच मतदारसंघ होते. 2008 च्या पुनर्रचनेत पाचाचे तीन झाले. अड्याळ पवनी तालुक्यासोबत भंडारा या राखीव मतदारसंघात गेलं, वैनगंगेपलीकडचं लाखांदूर साकोलीत गेलं. ज्या नावावर उमेदवारांनी पत्रकं छापली, गाड्यांवर भोंगे बांधले, ज्या नावापुढे निवडून आलेल्यांनी अभिमानाने 'आमदार' असं लिहिलं, ते नाव विधानसभेच्या यादीतून पुसलं गेलं.

गावाचं मात्र काही पुसलं गेलं नाही. भंडारा-पवनी रस्त्यावरच्या गाड्या थांबत होत्या तिथेच थांबतात. आषाढात पऱ्हे उपटून रोवणी होते, दिवाळीच्या आगेमागे धान कापून बांधीतून खळ्यावर येतं, मग खरेदी केंद्रावर बारदान्याची वाट बघणं आणि चुकाऱ्यासाठी बँकेत हेलपाटे मारणं सुरू होतं. मतं तीच, माणसं तीच, अडचणीही त्याच. मग गेलं ते नेमकं काय? पारावरच्या गप्पांमध्ये सहज निघणारा हा प्रश्न तत्त्वज्ञानातला फार जुना प्रश्न आहे. पद कुणाचं असतं? बसणाऱ्याचं, बसवणाऱ्यांचं, की कुणाचंच नाही? आणि पद जर बसणाऱ्याचं नसेल, तर ते त्याने 'सोडलं' म्हणजे काय केलं? जे आपलं नव्हतंच, ते सोडल्याचं पुण्य कुणाच्या खात्यावर जमा होतं?

हा प्रश्न कोरडा राहू नये म्हणून एका माणसाच्या आयुष्यातून तो बघावा. तो माणूस याच जिल्ह्यातला आहे आणि त्याच्या राजकारणाचे महत्त्वाचे टप्पे सोडण्यानेच आखले गेले आहेत.

नाना पटोले 1999 मध्ये लाखांदूरमधून काँग्रेसच्या तिकिटावर विधानसभेत गेले, 2004 मध्ये पुन्हा गेले. मग काँग्रेस सोडली. 2009 मध्ये भंडारा-गोंदियातून अपक्ष म्हणून लोकसभा लढवली आणि प्रफुल्ल पटेलांकडून हरले. तोवर त्यांचं लाखांदूरही अड्याळसारखंच यादीतून गेलं होतं. त्याच वर्षी ते साकोलीतून भाजपचे आमदार झाले. 2014 मध्ये त्याच प्रफुल्ल पटेलांना हरवून लोकसभेत पोचले आणि डिसेंबर 2017 मध्ये खासदारकी आणि पक्ष दोन्ही सोडले, मग काँग्रेसमध्ये परतले. 2019 मध्ये नागपुरात नितीन गडकरींसमोर उभे राहिले, हरले, पण काही महिन्यांतच साकोलीतून निवडून आले. 1 डिसेंबर 2019 रोजी ते महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्ष झाले, तेही बिनविरोध. 4 फेब्रुवारी 2021 रोजी त्यांनी ते पदही सोडलं. दुसऱ्याच दिवशी त्यांचं नाव काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष म्हणून जाहीर झालं.

या वाटचालीवर दोन ठरलेली मतं ऐकू येतात. एक म्हणतं, हा माणूस कुठे टिकत नाही. दुसरं म्हणतं, हा माणूस खुर्चीला चिकटत नाही. एकाच गोष्टीला एकजण चंचलपणा म्हणतो, दुसरा त्याग म्हणतो. वाद बहुतेक वेळा इथेच थांबतो, कारण दोघेही त्या माणसाला तोलत असतात. सोडण्याची ती कृती तोलायला हवी, आणि तिचा तराजू मराठी घरात देवघराशेजारीच ठेवलेला असतो.

गीतेच्या अठराव्या अध्यायाची सुरुवात अर्जुनाच्या एका प्रश्नाने होते. संन्यास म्हणजे काय आणि त्याग म्हणजे काय, हे मला वेगवेगळं सांग, असं तो विचारतो. युद्धभूमीवर शेवटच्या अध्यायात हा प्रश्न यावा यात मोठं औचित्य आहे. पहिल्या अध्यायात धनुष्य खाली ठेवून बसलेला हाच माणूस आहे, आणि आपण तेव्हा करायला निघालो होतो तो त्याग होता की आणखी काही, हे त्याला आता जाणून घ्यायचं आहे. उत्तरात त्यागाच्या तीन जाती येतात. वाट्याला आलेलं काम मोहापायी टाकून दिलं तर तो तामस त्याग. त्रास होतो, अंगाला झळ लागते म्हणून टाकलं तर राजस, आणि त्याचं फळ मिळत नाही. काम करायचंच आहे म्हणून करत राहायचं आणि त्यातली आसक्ती व फळाची ओढ तेवढी सोडायची, हा सात्त्विक त्याग. तिसऱ्या जातीत माणूस कुठेच जात नाही. तो आहे तिथेच बसलेला असतो, काम करत असतो, आणि बाहेरून बघणाऱ्याला त्याने काही सोडल्याचं दिसतही नाही.

राजकारणात हा तिसरा त्याग जवळजवळ अदृश्य आहे. राजीनामा दिसतो. त्याचा कागद असतो, त्यावर तारीख असते, पहिल्या पानावर फोटो असतो. खुर्चीत बसून रोज थोडं थोडं सोडणाऱ्याचा फोटो कुणी काढत नाही.

2017 चा राजीनामा या तराजूत टाकून बघावा. पटोले तेव्हा केंद्रात आणि राज्यात सत्ता असलेल्या पक्षाचे खासदार होते. शेतकऱ्यांचे प्रश्न मांडलेले पंतप्रधानांना आवडत नाहीत, असं ते जाहीरपणे बोलले होते. मुदत संपायला सव्वा वर्षाहून जास्त काळ होता. धानपट्ट्यातल्या खासदाराने धान उत्पादकाचं नाव घेऊन सत्तेतली जागा रिकामी केली, आणि मे 2018 च्या पोटनिवडणुकीत ती जागा परत मागितली नाही. जागा मित्रपक्षाकडे, राष्ट्रवादी काँग्रेसकडे गेली आणि मधुकर कुकडे निवडून आले. पुढे पक्षात त्यांना मोठं स्थान मिळालं हे खरं, पण ते मिळेलच याची डिसेंबर 2017 मध्ये कुणी हमी दिलेली नव्हती. एखाद्याच्या मनातला हेतू दुसऱ्याने वाचू नये. कृतीपुरतं बोलायचं तर या राजीनाम्यात सोडणाऱ्याचं स्वतःचं काही गेलं होतं, आणि ज्यांच्या नावाने सोडलं त्यांचं काही बिघडलं नव्हतं. खासदाराची जागा रिकामी झाली, सहा महिन्यांच्या आत भरली गेली. संसद थांबली नाही.

2021 चा राजीनामा वेगळा आहे. तो का वेगळा, हे कळण्यासाठी आधी ती खुर्ची नीट बघायला हवी.

विधानसभेत अध्यक्षांचं आसन उंचावर असतं. समोर राजदंड, खाली सचिवांचं टेबल. सभागृहात कुणीही कुणाशी थेट बोलत नाही. दोन सदस्य एकमेकांवर कितीही संतापलेले असोत, वाक्याची सुरुवात 'अध्यक्ष महोदय' अशीच होते. म्हणजे सभागृहातला प्रत्येक शब्द, प्रत्येक राग, प्रत्येक तक्रार आधी त्या एका माणसाकडे जाते आणि मग पलीकडे पोचते. आणि तो माणूस? निवडून आलेल्या सदस्याकडे दोनच हत्यारं असतात, बोलणं आणि मत देणं. अध्यक्ष झाल्यावर दोन्ही काढून घेतली जातात. तो वादात बोलत नाही. राज्यघटनेच्या 189 व्या कलमानुसार तो मत देत नाही. दोन्ही बाजूंची मतं सारखी पडली तरच त्याला निर्णायक मत आहे. साकोलीच्या मतदारांनी ज्याला आपला आवाज म्हणून पाठवलं, त्याने आसनावर बसताना तो आवाज खाली ठेवायचा असतो. सभागृह विसर्जित झालं तरी त्याचं काम संपत नाही. नव्या सभागृहाच्या पहिल्या बैठकीच्या क्षणापर्यंत घटनेने त्याला बसवून ठेवलं आहे. मंत्री जातात, सरकारं जातात, सदस्य माजी होतात, अध्यक्ष राहतो. आपल्या घटनेत त्यागाचं व्रत लिहिलेलं पद कोणतं असं विचारलं तर हेच सांगावं लागेल.

हे व्रत बाहेरून आलेलं नाही. त्याची एक खूण अड्याळहून पवनीला जाणाऱ्या रस्त्याच्या टोकाला मातीत सापडली आहे. 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व विभागाने पवनीत जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केलं, तेव्हा दोन हजार वर्षांहून जुना स्तूप उजेडात आला. त्याच्या दगडी कठड्यावर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. पवनीला आज लोक देवळांचं गाव म्हणून ओळखतात. त्या देवळांच्या आधी इथे बौद्ध संघाचा वावर होता.

त्या संघाचे नियम विनयपिटकात आहेत, आणि त्यात एक नियम असा आहे की तो वाचून विधिमंडळातल्या माणसाने क्षणभर थांबावं. संघात एखाद्या मुद्द्यावर एकमत झालं नाही तर शलाका म्हणजे लाकडी काड्या वाटून मतं घेत. त्या गोळा करायला एक भिक्षू नेमला जाई. त्याच्या अंगी काय असावं हे नियमात सांगितलं आहे. आवडीपायी, द्वेषापायी, मोहापायी किंवा भयापायी वाट सोडणारा तो नसावा, आणि कोणती शलाका घेतली गेली, कोणती नाही, हे त्याला कळत असावं. विद्वत्तेची अट नाही, वयाची नाही, वक्तृत्वाची नाही. चार ओढींपासून मोकळा असलेला आणि मोजणी चोख ठेवणारा, एवढाच माणूस हवा. यातला पहिला शब्द 'छंद' आहे, म्हणजे आपल्या माणसांबद्दलची ओढ. द्वेषाच्याही आधी तिचं नाव घेतलं आहे, आणि ते बरोबर आहे. न्यायाला बसलेला माणूस शत्रुत्वाने जितका वाकतो, त्याहून अधिक आपलेपणाने वाकतो.

25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेतल्या समारोपाच्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच संघांचा दाखला दिला होता. बसण्याची व्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, प्रतोद, मतमोजणी, गुप्त मतदान हे सगळं भिक्षुसंघाला ठाऊक होतं, भारताने हे एकदा गमावलं आहे आणि ते पुन्हा गमावलं जाईल का अशी चिंता त्यांनी मांडली. हे गौरवाचं भाषण नव्हतं, तो इशारा होता. संस्था असतात आणि नाहीशाही होतात. खुर्च्या जागेवर राहतात, त्यांचा अर्थ जातो.

याच बाबासाहेबांचा एक राजीनामा आणि एक पराभव या लेखाच्या विषयाला अगदी लागून आहेत. 27 सप्टेंबर 1951 रोजी त्यांनी नेहरूंच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिल बाजूला पडलं हे मोठं कारण, आणखीही कारणं त्यांनी निवेदनात लिहिली. पण राजीनामा देऊन ते तडक उठून गेले नाहीत. अधिवेशन संपत येईपर्यंत, हातातलं काम मार्गी लागेपर्यंत ते थांबले. पुढे जानेवारी 1952 मध्ये ते मुंबईत हरले आणि 1954 मध्ये भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत उभे राहिले. तेव्हा भंडारा द्विसदस्य मतदारसंघ होता, प्रत्येक मतदाराला दोन मतं. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर बाबासाहेबांना काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांनी हरवलं.

या निवडणुकीची एक आठवण आंबेडकरी चळवळीत आजही सांगितली जाते. आपल्या लोकांनी एकच मत बाबासाहेबांना द्यावं आणि दुसरं वाया घालवावं, म्हणजे बाकीच्यांची बेरीज कमी राहील, असं काही कार्यकर्त्यांनी सुचवलं. बाबासाहेब त्याला तयार झाले नाहीत. ज्याने मताचा हक्क घटनेत लिहिला, त्याने मत जाळायला सांगायचं नाही, असा त्यांच्या नकाराचा आशय सांगतात. भंडारा जिल्ह्याच्या निवडणुकांच्या इतिहासात जिंकलेल्यांची यादी मोठी आहे. तरीही या जिल्ह्यात पद आणि त्याग यांबद्दल काही सांगायचं झालं तर त्या हरलेल्या माणसाचंच नाव आधी घ्यावं लागतं. मंत्रिपद सोडतानाही त्यांनी काम टाकलं नाही आणि पद मिळवतानाही नियम सोडला नाही.

आता 4 फेब्रुवारी 2021 कडे येऊ. पटोलेंनी उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांच्याकडे राजीनामा दिला. पक्षाच्या आदेशावरून दिला, पक्षाचं राज्यातलं काम हाती घेण्यासाठी दिला. यात बेकायदा काही नाही. पद मिळवण्यासाठी पद सोडणं हेही राजकारणात नवं नाही. तरीही इथे थांबून विचारायला हवं, की जे सोडलं ते कोणत्या जातीचं होतं.

पटोलेंच्या बाजूने एक खरी गोष्ट सांगितली पाहिजे. लढाऊ माणसाला आसन जड जातं. ज्याचा पिंड आंदोलनात घडला, त्याला दिवसभर 'बसा, बसा' म्हणत बसणं म्हणजे शिक्षाच. आणि तरी त्या आसनावरून काही करता येत नाही असंही नव्हतं, हे त्यांनी स्वतःच दाखवलं होतं. 8 जानेवारी 2020 च्या विशेष अधिवेशनात इतर मागासवर्गीयांची जातनिहाय जनगणना व्हावी हा ठराव खुद्द अध्यक्षांनी आसनावरून मांडला आणि सभागृहाने तो एकमताने मंजूर केला. सत्ताधारी आणि विरोधक दोघेही त्या ठरावामागे उभे राहिले, कारण तो कुठल्याही बाकावरून आला नव्हता. अध्यक्षाने अशा रीतीने ठराव मांडावा का, यावर मतभेद होऊ शकतात. पण त्या दिवशी आसनाचं वजन काय असतं ते दिसलं.

वि. स. पागे यांचं उदाहरण तर याहून मोठं आहे. 1960 पासून 1978 पर्यंत, सलग अठरा वर्षं ते विधान परिषदेचे सभापती होते. संतवाङ्मयात मुरलेला हा माणूस सभापतीच्या आसनावर बसून विचार करत होता की ज्याला काम हवं त्याला काम मिळालंच पाहिजे, हे राज्याने कसं मान्य करावं. तासगाव तालुक्यातल्या विसापूरला त्याचा प्रयोग झाला, 1972 च्या दुष्काळात योजना राज्यभर गेली, 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, आणि पुढे 2005 मध्ये देशाने तो कित्ता गिरवला. गोरगरिबांसाठी काही करायचं तर आसनावरून खाली उतरावं लागतं, या समजुतीला पाग्यांची अठरा वर्षं हे उत्तर आहे. त्याच काळात पलीकडच्या सभागृहात बाळासाहेब भारदे 1962 पासून 1972 पर्यंत अध्यक्ष होते. ते वारकरी विचारांचे, कीर्तन-प्रवचन करणारे गांधीवादी. कीर्तनकाराला एक शिस्त ठाऊक असते. गादीवर उभा राहतो तोवर तो कुणाचा भाऊ नाही, कुणाचा व्याही नाही. गादीवरून उतरला की लोक त्याला घरच्या नावाने हाक मारतात, पण गादीवर असताना त्याच्या तोंडून येणारा शब्द त्याच्या एकट्याचा नसतो. भारद्यांच्या वाट्याला या दोन्ही गाद्या आल्या.

मग पटोलेंनी आसन सोडल्यावर मागे काय उरलं? विधानसभा 17 महिने अध्यक्षाविना राहिली. 5 जुलै 2021 रोजी भास्कर जाधव तालिका अध्यक्ष म्हणून आसनावर असताना गोंधळ झाला आणि भाजपचे 12 आमदार वर्षभरासाठी निलंबित झाले. पुढच्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ते निलंबन रद्द केलं. डिसेंबर 2021 मध्ये नवा अध्यक्ष निवडायचं ठरलं, पण निवडीच्या नियमबदलावर राज्यपालांनी आक्षेप घेतला आणि निवड राहिली. जून 2022 मध्ये शिवसेना फुटली तेव्हा 16 आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा काढायला आसनावर उपाध्यक्ष होते, आणि त्यांनाच हटवण्याची नोटीस पुढे करून त्यांच्या अधिकाराला आव्हान दिलं गेलं. 3 जुलै 2022 रोजी राहुल नार्वेकर 164 विरुद्ध 107 मतांनी अध्यक्ष झाले. सगळा वाद न्यायालयातून पुन्हा त्याच आसनाकडे आला, कारण 11 मे 2023 च्या निकालात घटनापीठाने अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांनीच घ्यायचा असं म्हटलं.

पटोले पदावर असते तर काहीच घडलं नसतं, असं म्हणणं खोटं ठरेल. फुटीची कारणं दुसरीकडे होती. पण महाविकास आघाडीतल्या नेत्यांनीच पुढे या राजीनाम्याला दोष दिला, आणि त्या दोषाच्या निमित्ताने गीतेच्या त्याच अध्यायातला एक शब्द आठवतो: अनुबंध. पुढे काय होईल, कुणाचं किती नुकसान होईल, आपली ताकद किती, याचा विचार न करता केलेल्या कर्माला गीता तामस म्हणते. फळाची आशा सोड असं सांगणारा ग्रंथच हेही सांगतो. वरवर पाहता यात विसंगती वाटेल. फळाकडे बघू नको म्हणायचं आणि परिणामाकडे बघ म्हणायचं, हे कसं? पण दोन्ही शब्द वेगळ्या गोष्टींचे आहेत. फळ म्हणजे मला काय मिळेल. अनुबंध म्हणजे माझ्या कर्माला बांधून पुढे काय काय ओढलं जाईल, इतरांच्या दारात काय जाऊन पडेल. सात्त्विक माणूस पहिल्याकडे पाठ फिरवतो आणि दुसऱ्याकडे डोळे उघडे ठेवतो. आपल्या राजकारणाने हे उलटं करून टाकलं आहे. राजीनामा देताना मला पुढे काय मिळेल याचा हिशेब पक्का असतो, मागच्या रिकाम्या जागेचं काय होईल याचा नसतो.

उद्धव ठाकरेंच्या बाबतीतही हेच दिसलं. 29 जून 2022 च्या रात्री त्यांनी विश्वासमताला सामोरं न जाता मुख्यमंत्रिपद सोडलं. पदाचा मोह नाही हे सांगण्याची ती भाषा होती आणि लाखो लोकांना ती भिडली. घटनापीठाने मात्र विश्वासमत घ्यायला सांगण्याचा राज्यपालांचा निर्णय चुकीचा ठरवूनही सरकार परत आणता येत नाही असं म्हटलं, कारण मुख्यमंत्र्यांनी स्वतःहून राजीनामा दिला होता. मनाने केलेला त्याग न्यायालयाच्या टेबलावर एक कृती बनून पडला आणि त्या कृतीचा अनुबंध सगळ्यांना भोगावा लागला.

यावर कुणी म्हणेल, की अध्यक्षाकडून संन्याशाची अपेक्षा ठेवायची आणि त्याला तिकीट मात्र पक्षाने द्यायचं, हा त्याच्यावरच अन्याय आहे. हे म्हणणं हलकं नाही. ब्रिटनमध्ये सभागृहाचा अध्यक्ष झालेला माणूस पक्ष सोडतो, आणि मोठे पक्ष सहसा त्याच्याविरुद्ध उमेदवार देत नाहीत. आपल्याकडे अध्यक्षाला पाच वर्षांनी पुन्हा पक्षाच्या दारात उभं राहायचं असतं. तरी 1967 मध्ये नीलम संजीव रेड्डी लोकसभेचे अध्यक्ष झाले तेव्हा त्यांनी काँग्रेसचा राजीनामा दिला. जुलै 2008 मध्ये डाव्यांनी केंद्र सरकारचा पाठिंबा काढल्यावर लोकसभेचे अध्यक्ष सोमनाथ चटर्जी यांना त्यांच्या पक्षाने अध्यक्षपद सोडायला सांगितलं. त्यांनी सोडलं नाही, आणि पक्षाने त्यांना काढून टाकलं. चटर्जींच्या बाबतीत न सोडणं हाच त्याग होता, कारण पक्षाचं छत्र जाणार हे दिसत असताना ते आसनावर बसून राहिले. आणि कायदाही या वाटेच्या आड येत नाही. पक्षांतरबंदीचं जे दहावं परिशिष्ट आमदाराला पक्ष सोडला तर घरी पाठवतं, त्यातल्याच पाचव्या परिच्छेदात अध्यक्षाला सूट दिली आहे. पद स्वीकारताना त्याने पक्ष सोडला तर तो अपात्र होत नाही. 1985 मध्ये हे दार करून ठेवलं आहे. त्यातून आत जाणारे फार थोडे निघाले.

हे दार वापरलं गेलं तर काय होईल, याचा विचार अड्याळमध्ये बसून करावासा वाटतो. इथल्या माणसाला आसनाच्या राजकारणात रस नसेल, पण त्याचा धान बोनस, त्याच्या तलावाची दुरुस्ती, गोसीखुर्दच्या पाण्याखाली गेलेल्या शेतांचा मोबदला, हे सगळे प्रश्न ज्या सभागृहात जातात तिथे ते ऐकले जातील की गोंधळात बुडतील, हे त्या एका आसनावर ठरतं. लक्षवेधी सूचना घ्यायची की नाही, कुणाला किती वेळ बोलू द्यायचं, मंत्र्याला उत्तर द्यायला भाग पाडायचं की नाही. गोसीखुर्दचं भूमिपूजन 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधींच्या हस्ते झालं. त्या दिवसापासून आजवर त्या धरणाच्या नावाने सभागृहात किती वेळा 'अध्यक्ष महोदय' म्हटलं गेलं असेल. समोर बसलेला माणूस छंद, द्वेष, मोह, भय यांतून मोकळा होता की नव्हता, याचा हिशेब पवनी तालुक्यातल्या पुनर्वसित गावांच्या रस्त्यांवर आणि नळांवर दिसतो.

पटोलेंच्या बाबतीत एक गोष्ट मनाला लागून राहते. ते शेतकऱ्यांसाठी बोलतात याबद्दल त्यांच्या विरोधकांनाही फारशी शंका नाही. ज्या माणसाला बोलायचं होतं त्याच्याकडे एकदा असं आसन आलं, की जिथून न बोलता सगळ्यांना बोलतं करता आलं असतं. चौदा महिन्यांत त्याने ते परत केलं. कदाचित त्या चौदा महिन्यांत त्यालाही वाटलं असेल की मौनाचं हे काम आपलं नाही. स्वधर्म ओळखणं हीसुद्धा मोठी गोष्ट आहे, आणि गीतेतला अर्जुनही शेवटी आपल्या पिंडाकडेच परततो. पण अर्जुनाने लढाई अर्ध्यावर सोडून आपला पिंड शोधला नव्हता.

नोव्हेंबर 2024 मध्ये साकोलीत पटोले अवघ्या 208 मतांनी निवडून आले. फेब्रुवारी 2025 मध्ये प्रदेशाध्यक्षपद हर्षवर्धन सपकाळ यांच्याकडे गेलं. म्हणजे ज्या पदासाठी आसन सोडलं होतं तेही आता नव्हतं. पटोले विरोधी बाकावर बसू लागले, एक आमदार म्हणून.

1 जुलै 2025 रोजी विधानसभेत शेतकऱ्यांबद्दल केलेल्या वक्तव्यांवरून गदारोळ झाला. बबनराव लोणीकर आणि तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या बोलण्याचा निषेध करत, माफीची मागणी करत पटोले जागेवरून उठले आणि थेट अध्यक्षांच्या आसनाकडे गेले. पायऱ्या चढून वर पोचले. समोर राहुल नार्वेकर बसले होते. ज्या आसनावरून कधीकाळी त्यांनी स्वतः इतरांना जागेवर जायला सांगितलं होतं, त्या आसनाशेजारी उभं राहून ते शेतकऱ्यासाठी आवाज चढवत होते. अध्यक्षांनी त्यांना दिवसभरासाठी निलंबित केलं. पटोले पायऱ्या उतरले आणि बाहेर पडले.